रविवारची उपसाबंदी

चौगुले आक्कांच्या ऑफिसात खुर्च्या होत्या, पण त्या गिऱ्हाइकांसाठी. आक्का उभ्या. फोन आला की उभ्या, चहा आला की उभ्या, दुपारचा डबासुद्धा काउंटरवर उघडा ठेवून येता-जाता भाकरीचा तुकडा मोडायच्या. घास तोंडात असतानाच दारात जाऊन रस्त्यावरून चाललेल्या कुणाला तरी हाक, "ओ शिंदे, पोरीचं ठरलं का न्हाय?" शिंदे उत्तर देईपर्यंत आक्का आत जाऊन दुसऱ्याच माणसाशी फोनवर बोलत असायच्या. बिचारे शिंदे रस्त्यात उभे.

माझं छापखान्याचं दुकान त्यांच्या शेजारी, मध्ये एक भिंत. भिंत कसली, नावाची भिंत. आक्कांचं बोलणं तिच्यातून असं यायचं की मधल्या मध्ये मलाच उत्तरं द्यावीशी वाटायची. माझा स्वभाव बसका. एकदा टेकलो की मला उठवायला ग्रामसभेचा ठराव लागतो, असं माझी बायको म्हणते. आक्कांना नुसतं बघून मला दम लागायचा.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. आजारपणही त्यांनी जवळपास उभ्याउभ्याच उरकलं. भिंतीपलीकडं आता मोबाइलची कव्हरं विकणारा एक गप्प तरुण बसतो. दिवसभर चकार शब्द नाही. शांततेसारखं सुख नाही असं मी जन्मभर सांगत आलो, पण ही शांतता मला सोसत नाही. आक्कांची आठवण येते, आणि आठवण आली की त्यांचा रागही येतो. तो का, ते पुढं सांगतो.

आक्का कागलकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगी बेळगावात दिली, आणि दिराच्या जुन्या गाडीवर त्यांनी सहलींचा धंदा उभा केला. धंदा एकच. रविवारी पहाटे कोल्हापुरातून गाडी सुटायची, गगनबावड्याला चहा, घाट उतरून खाली कोकणात, होडीतून डॉल्फिन, दुपारी माशाचं जेवण, आणि रात्री परत घरी. समुद्रकाठचं ते गाव कुठलं ते मी सांगणार नाही. सांगितलं की तिथं गर्दी वाढणार, आणि आक्का जिथं असतील तिथून माझा उद्धार करणार.

त्यांची माझी ओळख झाली ती एका बोर्डावरून. एके सकाळी त्या दुकानात शिरल्या. कोल्हापूरच्या कितीतरी बायका बोलतात तशा त्याही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या.

"प्रेसवाले, बोर्ड करून घ्याला आलोय. लिवा. डॉल्फिन दिसेलच असे नाही. दिसल्यास ओरडू नये."

मी पेन थांबवलं. "आक्का, ही जाहिरात आहे का धमकी?"

"दोनी."

"गिऱ्हाईक यायचं नाही."

"येतंय की. कुटं जातंय?"

आमच्या गावात हळू बोलणाऱ्याला लोक विचारतात, घरात कुणाला बरं नाही का? अशा गावातली माणसं गाडीत भरून न्यायची, त्यांना समुद्राच्या मधोमध नेऊन डॉल्फिन दाखवायचा, आणि तोंडातून आवाज काढायचा नाही म्हणायचं! आणि म्हणणार कोण, तर जिच्या एका हाकेला चौकातली रिक्षा थांबते ती बाई. बोर्ड मी छापून दिला, आणि मनातल्या मनात धंद्याला श्रद्धांजलीही वाहून टाकली.

बोर्डामागचं कारण मला नंतर कळलं. ते त्यांनी मला बऱ्याच वेळा सांगितलं, दर वेळी माझ्या मशीनपुढं येरझाऱ्या घालत.

"पयल्यांदा गेलतो तवा लई होड्या हुत्या. सगळ्यांची इंजिनं चालू. मदी एक आई आनि तिचं पिल्लू. पिल्लू वर आलं श्वास घ्याला, की होडी आली. खाली गेलं. परत वर आलं, परत होडी. आई त्याला नाकानं ढकलत हुती आनि आमची मानसं टाळ्या वाजवाल्ती. प्रेसवाले, आमच्यात म्हैस व्यायली की गोठ्याचं दार लावून घेत्यात. परक्या मानसाला आत सोडत न्हाईत. आनि हितं आमी तिकीट काढून गेलतो."

डॉल्फिन मासा नव्हे, त्याला आपल्यासारखंच हवेवर यावं लागतं, हे त्या दिवशी होडीतल्या एका कॉलेजच्या पोरीनं त्यांना सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून आक्कांची झोप उडाली. पायाला भिंगरी मुळातच होती, आता ती एकाच दिशेला फिरायला लागली. धंदा बंद करावा असं काही त्यांच्या मनात आलं नाही. त्या व्यवहारी बाई होत्या. लोकांनी डॉल्फिन बघावा, होडीवाल्याचं पोट भरावं, आपलंही भरावं, आणि डॉल्फिनलाही श्वास घेता यावा, एवढं सगळं एकाच समुद्रात बसवायचं होतं. ते कसं बसवायचं याचं उत्तर त्यांना कुठल्या शिबिरात मिळालं नाही. ते त्यांना बापाकडून आलं.

त्यांचे वडील पाटकरी होते. ऊसवाल्या गावात नदीचं पाणी उचलून पाटानं रानोमाळ फिरवतात, आणि ते ज्याला त्याला पाळीनं मिळतं. आज कुणाची पाळी, हे पाटकरी ठरवणार. रान सरपंचाचं असो नाहीतर विधवेचं. दुसऱ्याच्या पाळीत कुणी पाट फोडून पाणी घेतलं, की त्याची पुढची पाळी गेली. आणि पाळी सुरू व्हायची शेपटाकडून, म्हणजे पाटाच्या पार टोकाला ज्याचं रान त्याला आधी पाणी, कारण त्याला मागं ठेवलं तर पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

हे सगळं आक्कांनी समुद्राला लावायचं ठरवलं. मला हसू आलं, आणि हसल्याची शिक्षा म्हणून त्या मलाही गाडीत घालून घेऊन गेल्या.

सुरूच्या झाडाखाली होडीवाले जमले होते. त्यांचा म्होरक्या बाबी तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. अंगानं सुक्या बोंबलासारखा, पण शब्दाला वजन. त्यानं आक्कांना नखशिखान्त न्याहाळलं.

"कोल्हापुरासून येवन तू आमका समुद्र शिकवतलंस?"

"समुद्र तुमचा. मी पाळी शिकवाय आलोय."

आक्कांनी चप्पल काढली आणि टाचेनं वाळूत पाट काढला, त्याच्या कडेनं रानं काढली. मग ते पुसून होड्या काढल्या. डॉल्फिन असतील तिथं एका वेळी दोनच होड्या. बाकीच्यांनी लांब, इंजिन बारीक करून थांबायचं. जायचं ते बाजूनं, समोरून आडवं नाही आणि पाठलाग तर नाहीच. पिल्लू दिसलं की मागं फिरायचं. काल जो शेवटी होता तो आज पहिला. जो घुसला त्याची उद्याची पाळी गेली.

"आणि डॉल्फिन थांबतलो काय, माझ्या पाळयेची वाट बघत?" बाबीनं विचारलं. सगळे खो खो हसले.

आक्का हसल्या नाहीत. "न्हाई थांबायचा. आमच्याकडं पानी तरी कुटं थांबतंय? मोटर चालू केली आनि लाईट गेली, की पाळी गेली. गेली तर गेली. पुढच्या खेपंला तू आदी."

ते लोक तयार झाले याचं श्रेय आक्कांच्या भाषणाला देता येणार नाही. बाबीचा बाप असताना डॉल्फिन खाडीच्या तोंडाशी यायचे, आता त्यांच्यामागं लांबवर डिझेल जाळत जावं लागत होतं, हे बाबीला आक्कांपेक्षा जास्त माहीत होतं. शिवाय होडीला होडी घासून त्यांच्यात सारखी हाणामारी व्हायची. पाळीमुळं डॉल्फिन वाचतील हे त्यांना किती पटलं कोण जाणे, भांडणं वाचतील हे मात्र लगेच पटलं. सुरुवातीला आक्का दर रविवारी किनाऱ्यावर उभं राहून पाळी पुकारायच्या. ते पुकारणं समुद्रात आतपर्यंत जायचं. होडीतल्या माणसांना शांत राहायला सांगणारी बाई किनाऱ्यावरून बोंबलतेय, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

आता आमच्या माणसांची गोष्ट. त्यानंतर आक्का अधूनमधून मलाही बरोबर न्यायच्या. एकदा जुन्या पेठेतल्या तालमीची मंडळी आली. सगळे जोतिबाचे भक्त. त्यांच्यातले थोरले तात्या, पांढरा पटका, पांढऱ्या मिशा. घाटापासून त्यांना बजावलं होतं, टाळी नाही, शिट्टी नाही. माणसं गुणी, सगळ्यांनी मान डोलावली. होडी थांबली, बाबीनं बोटानं दाखवलं, आणि करड्या रंगाची ओली पाठ पाण्यातून वर आली. होडीत कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. आक्कांच्या तोंडावर समाधान पसरतंय तोवर तात्यांचा हात कोपरीच्या खिशात गेला आणि त्यांनी मूठभर गुलाल आणि खोबरं त्या पाठीवर उधळलं.

"जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

मग काय, आख्खी होडी दणाणली. गुलाल वाऱ्यानं फिरून बाबीच्या तोंडावर आला, पाणी गुलाबी झालं, आणि डॉल्फिन जो गेला तो गेलाच. हा प्रकार जगात दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसांकडून होणं शक्य नाही. आम्हाला काहीही भव्य दिसलं की आमचा हात गुलालाकडं जातो.

आक्का आता तात्यांना समुद्रात ढकलतात असं मला वाटलं. तात्यांनाही वाटलं असावं. ते गोंधळून म्हणाले, "आक्का, देवच दिसला की ओ. ऱ्हावलं न्हाय."

आक्का त्यांच्या मानानं फारच हळू म्हणाल्या, "देव वाटला न्हवं तात्या? मग झालं. पन त्यो श्वास घ्याला वर आल्ता. त्याच्या नाकातोंडात गुलाल गेला आसंल."

तात्यांनी पटका काढला. पाण्याकडं हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले. परतीच्या वाटेवर ती आख्खी तालीम कुजबुजत बोलत होती. गाडीत बसल्यावरसुद्धा. घाट चढून गगनबावडा आला तेव्हा कुठं त्यांना मोठ्यानं बोलायला धीर झाला. त्यानंतर आक्कांनी घाटावरच्या चहाच्या वेळी झडती सुरू केली. गुलाल, खोबरं, पिपाण्या, फटाके सगळं त्यांच्या पिशवीत जमा व्हायचं. एकदा एका पार्टीनं घोंगडीत गुंडाळून चक्क हलगी आणलेली निघाली. ती त्यांनी स्वतः एकदा वाजवून बघितली आणि मग जप्त केली.

दुसरी गोष्ट शिरोलीच्या एका फौंड्रीच्या मालकांची. कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना ते वर्षातून एकदा आक्कांबरोबर पाठवायचे. आक्कांचा तो सगळ्यांत मोठा आधार. एका वर्षी ते स्वतःही आले. भट्टीच्या आवाजात हुकूम सोडायची सवय, त्यामुळं साधं 'पाणी दे' म्हटलं तरी माणूस दचकायचा. त्यांची होडी पाळीसाठी लांब थांबली होती. आतल्या दोन होड्यांजवळ डॉल्फिन उसळत होते, इकडून नुसती पाठ दिसायची. मालकांना धीर निघेना.

"घाल होडी आत."

होडीवाल्यानं आक्कांकडं बघितलं.

"तिकडं काय बगतोस? पैसं मी दिल्यात."

"पैसं तुमी पाळीचं दिलाय साहेब," आक्का म्हणाल्या. "डॉल्फिन इकायला न्हाय."

"आमच्या कारखान्यात असलं चाललं असतं का?"

"तुमच्या कारखान्यात लोखंडाचा रस ओतायच्या वक्ताला पावण्यानं भट्टीपुढं जातो म्हटलं, तर तुमी जाऊ देतासा?"

मालकांचा चेहरा भट्टीसारखाच लाल झाला. त्यांची पाळी आली तेव्हा डॉल्फिन निघून गेले होते. पोरंबाळं नुसता समुद्र बघून परत आली. गाडीत शिरताना मालक म्हणाले, पुढच्या वर्षीपासून आमची सहल दुसरीकडं. त्या आठवड्यात भिंतीपलीकडून पावलांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त यायचा. बाई घाबरली होती. घाबरली की ती चालायची.

पुढच्या वर्षी मालक 'हमखास डॉल्फिन' असा बोर्ड लावलेल्या माणसाबरोबर दुसऱ्याच गावाला गेले. तिथं होड्यांनी डॉल्फिनच्या मागं अशी काही पळापळ केली की कामगारांच्या पोरांनी समुद्रात उलट्या केल्या आणि मालकांची टोपी पाण्यात गेली. त्याच्या पुढच्या वर्षी ते स्वतः आक्कांच्या ऑफिसात आले आणि म्हणाले, "आक्का, पाळी कवाची मिळंल?" आक्कांनी मोठ्या मनानं मागचं एक अक्षर काढलं नाही. माझ्याजवळ मात्र महिनाभर दुसरा विषय काढला नाही.

तेव्हा धंदा बहरला होता. रविवारी दोन-दोन गाड्या सुटायच्या. दुसऱ्या कुणी असतं तर आता तरी टेकलं असतं. आक्कांना नवीन काळजी लागली. गावात नव्या होड्या आल्या होत्या, घरोघर राहायची सोय झाली होती, पुण्या-मुंबईची माणसं मुक्कामाला यायची. पाळी मोडत कुणी नव्हतं, पण पाळी संपतच नव्हती. होड्यांच्या एका जोडीमागून दुसरी जोडी, उजाडल्यापासून मावळेपर्यंत.

"दोन होड्या तर दोन, पन दिवसभर हाईतच की," त्या म्हणायला लागल्या. "पानी दिलेलं रानात मुरायला बी येळ लागतो. पाट बंद कवा असतोय?"

आणि एक दिवस होडीवाल्यांच्या बैठकीत त्यांनी उपसाबंदी काढली. कोल्हापूरकरांना हा शब्द सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात नदी आटली की ठरावीक दिवस पाणी उपसायला सरकारी बंदी येते, तिचं हे नाव. नेमका ऊस वाळायला लागतो आणि नेमकी तेव्हाच ही येते, म्हणून शेतकरी तिला शिव्या घालतात, आणि शिव्या घालत पाळतात. आक्का म्हणाल्या, तसा आठवड्यातनं एक दिवस समुद्र बंद. एकही होडी डॉल्फिनकडं जायची नाही.

बाबी आता आक्कांचा माणूस झाला होता. त्यानं लगेच मान हलवली. "मंगळवार बंद ठेवया."

"मंगळवारी गिऱ्हाईक असतंय का?"

"नाय."

"मग ती उपसाबंदी न्हवं. ती सुट्टी झाली. रविवार बंद ठेवा. सगळ्यात जास्ती होड्या रविवारी, तर इसावा बी रविवारीच पायजे."

रविवार गेला तर होडीवाल्यांचंही नुकसान होतं, पण मुक्कामाची माणसं शनिवारी होडीत बसू शकत होती. आक्कांच्या गिऱ्हाइकांना रविवारशिवाय दुसरा दिवसच नव्हता. कारखान्याला सुट्टी रविवारी, शाळेला रविवारी, दुकान बंद ठेवायचं तर तेही रविवारी. हे बाबीच्या लक्षात आलं. माझ्याही आलं.

"बाये, तुझी माणसां रविवारीच येतत," बाबी म्हणाला.

"व्हय."

"मगे तू काय करतलंस?"

आक्का तेव्हाही उभ्याच होत्या. म्हणाल्या, "आमच्या बाऽचं रान पाटाच्या तोंडालाच हुतं. पानी कमी पडलं की बा पयल्यांदा आमचं रान बंद करायचा. आई भांडायची. बा म्हनायचा, माझं चालू ठिवून दुसऱ्याचं बंद कर म्हनाय मला तोंड कुटं हाय?"

कुणी हरकत घेतली नाही. कोण घेणार? ठराव झाला, चहा झाला. परतीच्या गाडीत मी आक्कांवर अक्षरशः ओरडलो. मी म्हणालो, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. वरचा दांडा धरून त्या उभ्या होत्या, गाडी वळणं घेत होती.

"पाडलाय की," त्या म्हणाल्या. "आनि दुखतंय बी. तुमी काय मला दगडाची समजलासा?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. माझा राग मात्र गेला नाही. अजून गेलेला नाही. चांगलं काम करणाऱ्या माणसानं त्या कामातून आपलीच हकालपट्टी करून घ्यावी, हा कुठला न्याय? मला तो तेव्हा पटला नाही आणि आता तर मुळीच पटत नाही.

त्यांनी शनिवारची गाडी काढून बघितली. माणसं जमेनात. फौंड्रीच्या मालकांनी रजेचं बघतो म्हटलं, पण कारखाना कारखाना असतो. मग शाळांच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, असं काहीबाही करत आक्कांनी ऑफिस चालवलं, आणि ते चालेना तेव्हा शेवटी जागा सोडली. दुसऱ्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडं त्या गाड्यांच्या वेळा बघायला लागल्या. तिथंही उभ्याच असायच्या.

एका हिवाळ्यात, शनिवारी संध्याकाळी, त्या दुकानात आल्या. "प्रेसवाले, उद्या तुमची गाडी काढा."

"कशाला?"

"पाळत्यात का न्हाय ते बगाय."

मी नाही म्हणणार होतो. पहाटे आम्ही गगनबावडा ओलांडला.

किनाऱ्यावर सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. बाबी आणि दोघे-तिघे जाळी विणत बसले होते. त्यांनी आम्हाला चहा दिला. आक्कांनी कप हातात घेतला आणि वाळूतून चालायला लागल्या. किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. दर थोड्या वेळानं थांबून डोळ्यांवर हात धरून किनाऱ्याच्या टोकाला असलेल्या टेकाडापलीकडं बघायच्या. बाबी म्हणाला, "सकाळपासून एक होडी सुटूक नाय, तरी हिचो विश्वास नाय." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. पाटी कोल्हापूरची. त्यातून उतरलेल्या माणसांचा आवाज ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पुढं होता तो एक दांडगा गडी, मागं बायका, पोरं, आणि दोघींनी धरून उतरवलेली एक म्हातारी.

"बंद? रविवारचं बंद? आसं कुटं असतंय व्हय?"

"रविवारी होडी बंद आसा. कधीपासूनच," बाबीनं मान वर न करता सांगितलं.

पोरं रडायला लागली. बायका चिडल्या. म्हातारी मात्र वाळूत उभी राहून नुसती समुद्राकडं बघत राहिली. तिला एकदा डॉल्फिन बघायचा होता, म्हणून ही सगळी मंडळी आली होती, असं तिची सून कुणाला तरी सांगत होती. आक्कांच्या हातातला कप तसाच राहिला. त्या म्हातारीजवळ गेल्या, तिचा दंड धरला आणि तिला खडकाजवळ घेऊन गेल्या. बोटानं लांबवर काहीतरी दाखवलं. बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, "व्हय व्हय, दिसलं गं बाई." मला तिथं लाटांशिवाय काही दिसलं नाही. आक्कांना दिसलं का, ते मी विचारलं नाही.

तो गडी अजून बाबीशी हुज्जत घालत होता. "ठरवलं कुनी हे? म्हनत्यात कोल्हापूरचीच कोन बाई हाय. आपल्याच मानसानं आपल्या ताटात माती घातली की ओ."

बाबीनं जाळं खाली ठेवलं आणि तोंड उघडलं. आक्का खडकावरून आल्या होत्या. त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

"व्हय पावणं," त्या गड्याला म्हणाल्या. "लई वंगाळ बाई हाय ती. मी वळखतो तिला."

"मग सांगा की तिला. रविवारचं चालू कर म्हनावं."

"रोज सांगतो," आक्का म्हणाल्या. "ऐकत न्हाय."

आणि पदर कमरेला खोचून त्या पुन्हा टेकाडाच्या दिशेनं चालू लागल्या, पलीकडच्या बाजूनं कुणी होडी काढली नाही ना, ते बघायला.